मधला खांब गेला कुठे?

वरून झाकण उघडायचं मशीन म्हटलं की जुन्या लोकांच्या डोळ्यासमोर टबच्या मधोमध उभा असलेला पंखवाला खांब येतो, तोच ॲजिटेटर. आता नव्या कमी पाण्याच्या, हाय एफिशियन्सी टॉप लोडमध्ये डोकावलं तर तळाशी फक्त एक पसरट थाळी दिसते, तिच्यावर चार-सहा उंचवटे, आणि बाकी सगळं मोकळं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं पार्ट बसवायचा राहिला की काय. त्यात मशीन सुरू केलं की पाणी दिसतच नाही, कपडे नुसते ओलसर गोळा होऊन जागच्या जागी कुरकुरत फिरतात, मग "हे काय धुणार?" हा प्रश्न ठरलेलाच. त्यावर नुसतं "नवीन टेक्नॉलॉजी आहे" म्हणून भागत नाही, कारण ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीपासून सुरू होते.

तो खांब कुठून आला ते आधी बघू. सुरुवातीच्या मशिनींमध्ये झाकणाखाली लाकडी खुंट्या लटकवलेल्या असायच्या, त्या कपड्यांना पकडून पाण्यातून इकडून तिकडे ओढायच्या. म्हणजे पाणी जागेवर आणि कपडे हलणार. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात न्यूटन नावाच्या गावी मेटॅग ही कंपनी होती, मूळची शेतीची अवजारं करणारी. तिथल्या हॉवर्ड स्नायडरने १९२२ मध्ये हे उलटं केलं, हलणारा भाग झाकणाखालून काढून टबच्या तळाशी बसवला आणि त्याने पाणीच ढकलून कपड्यांच्या आरपार जाईल असं केलं. मॉडेलचं नाव गायराफोम. आयडिया इतकी चालली की पुढची कित्येक दशकं अमेरिकेत वॉशिंग मशीन म्हणजे मध्ये खांब हे समीकरणच होऊन बसलं. पण त्यात एक अट लपलेली होती, ती म्हणजे भरपूर पाणी पाहिजे. कपडे तरंगले पाहिजेत, नाहीतर खांब त्यांना पिळून फाडणार. त्यामुळे एका वेळेला साधारण दीडशे लिटर पाणी जाणं हे जुन्या मोठ्या मशीनमध्ये नॉर्मल होतं, आणि त्यातलं धुण्याचं पाणी गरम असेल तर वीज खरी तिथे जायची. मोटर बिचारी फार खात नाही, खर्चाचा मोठा वाटा पाणी तापवण्याचाच असतो.

बरं, बिनखांबाचं टॉप लोड हा काही आजचा शोध नाही. हूवर कंपनीने १९४८ मध्ये ब्रिटनमध्ये एक छोटं मशीन आणलं, त्यात टबच्या बाजूच्या भिंतीवर एक चकती गरगर फिरायची. १९५३ मध्ये जपानमध्ये सान्योने त्याच पद्धतीचं स्वस्त मशीन काढलं आणि तिकडे घराघरात धुलाई मशीन पोचायला त्याने मोठा हातभार लावला. पुढे ती चकती बाजूवरून तळाला आली, तिलाच आपण पल्सेटर म्हणतो. पण पल्सेटर आणि ही नवीन थाळी एकच असं समजू नका, इथेच बहुतेक लोक गोंधळतात. जुना पल्सेटर छोटा, वेगात फिरणारा, भरपूर पाण्यात भोवरा करणारा, आणि त्या भोवऱ्यात कपडे फिरून शर्टाच्या बाह्यांची वेणी घालणारा. नवीन थाळी रुंद, सावकाश, थोडं इकडे थोडं तिकडे वळणारी, आणि ती मुद्दाम कमी पाण्यात चालते.

हे कमी पाणी कोणाच्या डोक्यातून आलं? मुख्यतः कायद्यातून. अमेरिकेत घरगुती उपकरणांच्या विजेवर मर्यादा घालणारा कायदा १९८७ मध्ये आला, पण वॉशिंग मशीनवर खरा दणका बसला तो २००१ मध्ये जाहीर झालेल्या नियमांनी, जे २००४ आणि २००७ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. मोजायची पद्धत हुशारीची होती, मशीनची वीज, पाणी तापवायची वीज आणि कपड्यात उरलेलं पाणी ड्रायरमध्ये (गरम हवेने कपडे सुकवणाऱ्या वेगळ्या मशीनमध्ये) सुकवायला लागणारी वीज, सगळं एकत्र धरलं. म्हणजे पाणी कमी घ्या आणि पिळा जोरात, दोन्ही बाजूंनी कोंडी. २०११ पासून पाण्यावरही थेट मर्यादा आली, एका धुण्याला टबच्या दर घनफुटामागे ९.५ गॅलन, म्हणजे साधारण ३६ लिटर. २०१८ मध्ये टॉप लोडसाठी ती ६.५ गॅलनवर आणली.

मधल्या काळात काही कंपन्यांनी खांब तसाच ठेवून फक्त गरम पाणी कमी केलं, तापमान उतरवलं, आणि व्हायचं तेच झालं. कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक मासिकाने २००७ मध्ये चाचण्या केल्या तेव्हा खांबवाल्या काही स्वस्त मॉडेल्समध्ये डाग जवळजवळ जसेच्या तसे राहिलेले आढळले. माझ्या मते हा सगळ्यात शिकण्यासारखा टप्पा आहे, कारण भरपूर गरम पाण्यासाठी बनवलेल्या यंत्राचं गरम पाणी काढून घेतलं तर ते यंत्र फक्त लंगडं होतं, कार्यक्षम होत नाही. नियम पाळायचा तर धुण्याची पद्धतच बदलायला हवी होती.

इथे एक जुनं तत्त्व कामाला येतं. हेंकेल कंपनीतले केमिस्ट हर्बर्ट सिनर यांनी १९५९ मध्ये मांडलेलं वर्तुळ, ज्यात स्वच्छतेचे चार हिस्से, रसायन, यांत्रिक घासणं, तापमान आणि वेळ. एक हिस्सा कमी केला की दुसऱ्यांनी भरून काढायचा. थंड पाणी आलं ना, मग सायकल लांबली (लोक कुरकुरतात की तास-तास चालतं, त्याचं मोठं कारण हेच), डाग तोडणाऱ्या एन्झाइमवाली डिटर्जंट आली, आणि घासायचं काम कपड्यांनी एकमेकांवर करायचं ठरलं. हाताने धुताना आपण कॉलरवर कॉलर चोळतो ना, साधारण तसंच.

प्रत्यक्षात काय होतं ते मी एकदा काचेच्या झाकणातून बघत बसलो होतो. बाकी सगळे पांढरे-करडे कपडे आणि त्यात एक लाल नॅपकिन, रंग न जाणारा, जुना, खास ट्रॅकिंगसाठी टाकलेला. आधी मशीनने कोरडेच कपडे दोन-तीनदा झटका देऊन हलवले, हा वजनाचा अंदाज, मोटरला किती जोर लागतो त्यावरून. मग थोडं पाणी, आतला कपड्यांचा ड्रम हळू फिरतोय आणि वरून डिटर्जंटचं पाणी कपड्यांवर पडतंय. पाणी थोडं म्हणजे साबण दाट, आणि तो दाट साबण आधी मळाला भिडतो. मग थाळी सुरू झाली, थोडं डावीकडे, थांबा, थोडं उजवीकडे. नॅपकिन मधोमध वर आला, हळूहळू कडेला सरकला, भिंतीला लागून खाली गेला आणि गायब. काही मिनिटांनी परत मधून वर. थाळी खालच्या थराला चिकटून ओढते, खालचे कपडे मध्याकडे गोळा होतात, मध्ये वर ढकलले जातात, वर आलेले बाहेर पसरून कडेने बुडतात. खांबवाल्या मशीनमध्ये बरोबर उलटं, तिथे कपडे खांबाजवळ खाली खेचले जातात आणि कडेने वर येतात.

आता गंमत अशी की ही चाल फक्त कमी पाण्यातच होते. पाणी वाढलं की कपडे तरंगतात, थाळीवरची पकड सुटते, आणि थाळी खाली एकटीच फिरत बसते. त्यामुळे झाकण उघडून बादलीभर पाणी ओतणारे, किंवा मशीनला जड वाटावं म्हणून कपडे आधीच भिजवून टाकणारे, स्वतःच धुलाई बिघडवतात. मीही बादली ओतलीय, कबूल आहे, आणि त्या दिवशी नॅपकिन वर तरंगत राहिला तो राहिलाच. ही चाल नीट सुरू व्हावी म्हणूनच कपडे मध्ये ढीग न करता कडेकडेने सैल टाकायला सांगतात.

डिटर्जंटही वेगळी लागते ती यामुळेच. फेस जास्त झाला की कपड्यांमध्ये गादीसारखा बसतो, घासणं होत नाही, आणि स्पिनच्या वेळी ड्रम आणि बाहेरच्या टबमध्ये अडकून ब्रेक लावतो. शिवाय थोड्या पाण्यात मळ दाट होतो, तो परत कपड्यावर बसू नये म्हणून मळ धरून ठेवणारी रसायनं घालावी लागतात. म्हणजे कमी फेस हा काही कंजूषपणा नाही.

मोटरची गोष्टही याला जोडून आहे. बेल्ट आणि गिअरबॉक्सवर हवी तेव्हा, हवी तशी चाल आणि वेग कमी-जास्त करणं अवघड होतं. न्यूझीलंडच्या फिशर अँड पायकेलने १९९१ मध्ये इलेक्ट्रॉनिक कंट्रोलची, थेट जोडलेली मोटर स्मार्टड्राइव्ह नावाने आणली, मग इतरांनीही ती वाट धरली. तीच मोटर थाळी नाजूकपणे हलवते आणि तीच नंतर ड्रम जोरात फिरवून कपडे पिळते. वेग वाढला की तोल सांभाळणंही आलंच, २०१६ मध्ये सॅमसंगने अमेरिकेत सुमारे २८ लाख टॉप लोड मशीन परत बोलावली ती स्पिनमध्ये जास्त हादरे बसून वरचा भाग निसटण्याच्या धोक्यामुळे.

विसळण्याच्या बाबतीत मात्र लोकांची तक्रार मला पटते. बऱ्याच मॉडेल्समध्ये टब भरून विसळण्याऐवजी फिरत्या ड्रमवर फवारा मारतात आणि पाणी कपड्यातून बाहेर फेकलं जातं, त्यात साबण थोडा जास्त पडला असेल तर राहतो. म्हणून पुढे जास्त पाणी घेणारी डीप रिन्स, डीप वॉटर अशी बटणं आली. आणि अलीकडे तर काही मॉडेल्समध्ये काढता-घालता येणारा खांबच देतात, जाड रजई धुवायची असेल तर उपसून बाजूला ठेवा, चिखलाच्या पँट्स असतील तर परत बसवा.