सीपीयू रिकामा, डिस्कवर रांग

चवथीच्या आदल्या आठवड्यात फोंड्याहून मावसभावाचा फोन. त्याचा फोटो स्टुडिओ आहे, लग्नं, मुंजी, पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, सगळंच चालतं. मशीनवर उबुंटू, म्हणजे लिनक्स, मीच घालून दिलेलं, त्यामुळे काही अडलं की शिव्या मलाच. गेलो तर गिऱ्हाईक केस विंचरून बसलंय आणि 3 एमबीचा एक फोटो उघडायला अर्धं मिनिट. "कितें जालें रे हाका?" टॉप, म्हणजे मशीन कशात गुंतलंय ते दाखवणारी कमांड, लावून बघितलं तर सीपीयू जेमतेम 5 टक्के, रॅम मोकळी, फक्त वेटचा, म्हणजे डिस्कची वाट बघण्याचा, आकडा फुगलेला. मागे बॅकअप चालू होता, फाइलींची नक्कल करणारा आरसिंक, तीन लग्नांचे रॉ फोटो दुसऱ्या डिस्कवर जात होते.

मी आधी चुकीचंच औषध दिलं, बॅकअपला नाइस 19, म्हणजे सगळ्यात शेवटचा नंबर, करून टाकलं. ढिम्म फरक नाही. कारण नाइस सीपीयूची रांग लावतं, आणि सीपीयूवर रांग होतीच कुठे? रांग होती डिस्कवर.

आता डिस्कचं गणित बघा. 7200 आरपीएमची साधी हार्ड डिस्क एक फेरा 8.3 मिलिसेकंदात मारते, म्हणजे हवा तो सेक्टर, म्हणजे डेटाचा तुकडा, वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी 4 मिलिसेकंद, त्याआधी हेड त्या ट्रॅकवर सरकायला 8-9, धरून चला साडेबारा. सेकंदाला 80 उड्या, बस. सलग वाचत गेलं तर हीच डिस्क 150 एमबी सहज देते, पण 4 केबीचे तुकडे इकडून तिकडून मागितले की 80 गुणिले 4, फक्त 320 केबी. डिस्क तीच, फरक साडेचारशे पटींच्या वर.

चोडण-रायबंदरची फेरीबोट ज्यांनी पकडलीय त्यांना हे वेगळं सांगायला नको. बोटीत एक स्कूटर असो की बोट गच्च भरलेली असो, मांडवी ओलांडायला वेळ तेवढाच. भाडं गाडीचं घेत असतील, खर्च खेपेचा होतो.

आणि म्हणूनच "दोघांना बँडविड्थ सारखी वाटून द्या" हे ऐकायला जेवढं सोपं तेवढं करायला नाही. समजा ठरवलं की बॅकअपला 10 एमबी, मग फोटो उघडणाऱ्याला 10 एमबी, आलटून पालटून. बॅकअप सलग वाचतो, त्याचे 10 एमबी सेकंदाच्या पंधराव्या भागात संपले. दुसरा 4-4 केबी वेचतोय, त्याला अडीच हजार उड्या लागणार, म्हणजे 32 सेकंद. कागदावर एकदम न्याय, पण 32 सेकंदांत डिस्कने एकूण काम केलं 20 एमबीचं आणि जवळजवळ सगळा वेळ त्या वेचणाऱ्या एकट्याने खाल्ला. वाटायचा तो वेळ, एमबी नव्हे, हे माझं मत, आणि लिनक्सवाल्यांचा प्रवास बघितला तर तेही फिरून फिरून इथेच येतात.

सुरुवातीला कोणी न्यायाचा विचारच करत नव्हतं. लिफ्टसारखं, हेड ज्या दिशेला चाललंय त्या दिशेच्या मागण्या उचलत जायचं, उड्या वाचतात. पण सलग वाचणारा एक जण पुढे पुढे मागत राहिला तर टोकाचा बिचारा ताटकळतो. मग डेडलाइन शेड्युलर आला (शेड्युलर म्हणजे डिस्कच्या मागण्यांचा क्रम लावणारा), वाचायची मागणी 500 मिलिसेकंदांत निघाली पाहिजे, लिहायची 5 सेकंदांत. हा भेदभाव बरोबर आहे हां, कारण वाचायला मागणारा प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्रॅम, तिथेच अडून बसलेला असतो, लिहिणारा मात्र मेमरीत टाकून पुढे निघून गेलेला असतो. त्या मेमरीची भानगड पुढे येतेच.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट 2001 ची. सीताराम अय्यर आणि पीटर ड्रुशेल यांनी दाखवलं की डिस्क कधीकधी फसते. प्रोसेस एक तुकडा वाचतो, त्यावर जरासं काम करतो आणि लगेच शेजारचाच तुकडा मागतो, पण मधल्या त्या क्षणात रांगेत त्याचं काहीच नसतं, शेड्युलरला वाटतं याचं झालं, आणि तो हेड उचलून लांब दुसऱ्याकडे नेतो, तिथे पोचतो ना पोचतो तोवर पहिल्याची मागणी हजर. त्यांचा उपाय काय, तर काही न करता काही मिलिसेकंद थांबायचं. काम पडलेलं असताना डिस्क रिकामी ठेवायची! उतारावरून स्कूटर येताना दिसली की बोटवाला दोर सोडायचा थांबतो ना, तसंच.

पुढे येन्स आक्सबो यांचा सीएफक्यू शेड्युलर आला, 2006 च्या 2.6.18 कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) तो लिनक्सचा डिफॉल्ट. प्रत्येक प्रोसेसची रांग वेगळी आणि प्रत्येकाला डिस्कच्या वेळाचा तुकडा. आयओनाइस ही कमांड त्याच्याच जोडीची: रिअलटाइम, बेस्ट एफर्ट आणि आयडल असे तीन वर्ग, आयडल म्हणजे बाकी कोणाला डिस्क नको असेल तेव्हाच तुझा नंबर. 2017 मध्ये, 4.12 कर्नलात, पाओलो व्हालेंते यांचा बीएफक्यू आला. हा वेळेऐवजी सेक्टरचं बजेट देतो, म्हणजे माझ्या मताच्या उलटच की, पण एखादा फारच उड्या मारायला लावत असेल तर त्याच्या खात्यावर तोही गुपचूप वेळच मांडतो.

तर मी स्टुडिओत दुसरं औषध दिलं, बॅकअपला आयओनाइसने आयडल केलं. तरीही ढिम्म! डोकं खाजवत शेड्युलरची फाइल उघडली तर तिथे चौकटी कंसात, म्हणजे चालू असलेला, एमक्यू-डेडलाइन, डेडलाइनचाच नवा अवतार, आणि कर्नल जुना, 5.14 च्या आधीचा, त्यात एमक्यू-डेडलाइन प्रायोरिटीकडे ढुंकूनही बघत नव्हता. कमांड चालली, एरर नाही, परिणामही नाही. असल्या गप्प बसणाऱ्या सेटिंगचा मला भयंकर राग येतो. त्या फाइलीत बीएफक्यू लिहिलं आणि फोटो दोन सेकंदांत उघडायला लागला. अर्धं मिनिट लागत होतं कारण फोटो एडिटर सुरू होणं म्हणजे एक वाचन नव्हे, एकामागून एक शेकडो बारीक वाचनं, आणि दर वेळी बॅकअपच्या मागे 50 मिलिसेकंद थांबलं तरी 400 वाचनांची 20 सेकंदं होतात.

लिहिण्याचं दुखणं वेगळंच. प्रोसेसने लिहिलेलं आधी मेमरीत पडतं आणि मोकळ्या मेमरीच्या 10 टक्के भरलं किंवा 30 सेकंद जुनं झालं की कर्नलचा स्वतःचा थ्रेड ते डिस्कवर ढकलतो. म्हणजे डिस्कपाशी येणारा हमाल कर्नलचा, माल कोणाचा ते त्याच्या कपाळावर लिहिलेलं नसतं. म्हणून सीग्रुपच्या, म्हणजे प्रोसेसचे गट करून मर्यादा घालायच्या सोयीच्या, पहिल्या आवृत्तीत मर्यादा घातली तरी असं लिखाण निसटायचं. दुसऱ्या आवृत्तीत मेमरीचं पान कोणाचं याची नोंद धरून ते लिखाण खऱ्या मालकाच्या खात्यावर टाकायची सोय झाली, 2015 च्या 4.2 कर्नलात. तरी फाइल सिस्टिमचं जर्नल, म्हणजे बदलांची वही, सगळ्यांचं एकच, त्यामुळे बिलाची एक ओळ पक्की करायला एफसिंक (आत्ताच डिस्कवर लिही असा हुकूम) मारलं की दुसऱ्याच्या लिखाणापायी अडकायची पाळी येते.

सरळ मर्यादा घालणं सोपं असतं, 20 एमबीच्या वर जायचं नाही, संपलं. पण रात्री दोन वाजता दुकान बंद, डिस्क मोकळी, आणि बॅकअप तरी 20 नेच रांगतोय. मला ते पटत नाही.

आणि फिरता भागच नसलेला एसएसडी? तो पूल झाला, खेपच नाही. एनव्हीएमई जोडणीच्या एसएसडीत 65,535 पर्यंत रांगा, जुन्या साटा डिस्कची एकच रांग, 32 मागण्यांची. योगायोग बघा, मांडवीवरचा अटल सेतू जानेवारी 2019 मध्ये उघडला आणि मार्चमध्ये 5.0 कर्नलातून सीएफक्यू काढून टाकला. पण पूल झाला म्हणून पर्वरीला गाड्या तुंबायच्या थांबल्या का? एसएसडीतही जुने ब्लॉक पुसायचं काम आत चालू असतं, लिहिणाऱ्याचा जोर वाढला की वाचणाऱ्याला अचानक थांबावं लागतं, आणि एवढ्या रांगांत प्रत्येकासाठी थांबून हिशेब करायला शेड्युलरलाच वेळ पुरत नाही. त्याच वर्षी 5.4 मध्ये तेजुन हिओ यांचा आयओकॉस्ट आला. मागणी वाचायची की लिहायची, सलग की विखुरलेली, किती मोठी, यावरून ती डिव्हाइसचा किती वेळ खाईल याचा अंदाज बांधायचा आणि तेवढं खात्यावर चढवायचं.

भावाने आता सिस्टिमसाठी छोटा एसएसडी घेतलाय, लग्नाचे फोटो मात्र अजून जुन्याच डिस्कवर, बीएफक्यू आणि आयडल लावून. परवा बॅकअप चालू असतानाच त्याने माझ्यासमोर पासपोर्टचे आठ फोटो काढून कापूनही दिले. बॅकअपला मात्र पूर्वीपेक्षा पाऊण तास जास्त लागतो, ते त्याच्या अजून लक्षात आलेलं नाही, मीही सांगितलेलं नाही.