पोलिसांनी जप्त केलेली गाडी, मोबाईल, दागिने कोर्टातून परत कसे घ्यायचे (बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडीकडच्या लोकांसाठी)

गाडी जप्त झाली की आपल्याकडं पहिलं काम म्हणजे ओळख काढणं. गावातला पुढारी झाला, मग कुणाचा तरी भाचा स्टेशनात हवालदार आहे तो झाला, ह्यातच दीड महिना जातो आणि तोवर गाडी आवारात उन्हापावसात उभी, बॅटरी उतरलेली, टायर बसलेले. फौजदार चांगला असो वाईट असो, जप्तीची खबर मॅजिस्ट्रेटला गेली की वस्तू कुणाला द्यायची हे कोर्ट ठरवतं. म्हणून अर्ज कोर्टात करायचा, आणि लवकर करायचा.

कायदा आता नवा आहे. १ जुलै २०२४ पासून सीआरपीसीच्या (फौजदारी प्रक्रिया संहिता) जागी बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) आलं, त्यामुळं जप्त माल परत देण्याची जुनी कलमं ४५१ आणि ४५७ आता ४९७ आणि ५०३ झालीत, झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या जुन्या नमुन्यावर अजून जुने नंबर असतात ते बघून घ्या. जप्तीचा अधिकार पोलिसांना कलम १०६ नं मिळतो, पण त्याच कलमात लिहिलंय की जप्ती मॅजिस्ट्रेटला ताबडतोब कळवायची, आणि वस्तू ठेवायला जागा नसेल किंवा तपासाला तिची गरज उरली नसेल तर पोलीस स्वतःच बाँड, म्हणजे बोलावलं की वस्तू हजर करण्याची लेखी हमी, घेऊन ती देऊ शकतात. हे सहसा करत नाहीत, पण लेखी मागून बघायला काही जात नाही. जप्ती म्हणजे शिक्षा नव्हे. कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता काढून घेता येत नाही, घटनेचं कलम ३००अ तेच सांगतं. आणि सुंदरभाई देसाई केसमध्ये सुप्रीम कोर्टानं २००२ मध्येच सांगितलंय की गाड्या स्टेशनात सडवत ठेवू नका, फोटो काढा, बाँड घ्या, मालकाला द्या.

अर्ज कोण करू शकतो? आरसीवर नाव असलेला मालक, फायनान्सवर असेल तर बँकही, चोरीचा माल असेल तर ज्याचा चोरीला गेला तो. मालक बाहेरगावी असेल तर रीतसर पॉवर ऑफ ॲटर्नी. हे सोपं. अडतं ते पुढं.

पहिली अडचण पंचनाम्याची. तो कन्नडमध्ये असतो आणि आपली कितीतरी माणसं, विशेषतः वयस्कर, मराठी शाळेत शिकलेली, ती काही न वाचता सही करून मोकळी होतात. मग कोर्टात कळतं की गाडीतली दोन पोती भलत्याच नावानं लिहिलीत किंवा मोबाईल एकच लिहिलाय आणि नेलेत दोन. वाचता येत नसेल तर सहीच्या वर आपल्या हातानं मराठीत लिहा, "मला कन्नड वाचता येत नाही, मजकूर वाचून दाखवला नाही". दाखवला असेल तर तसं लिहा, खोटं लिहू नका. स्टेशनला दिलेल्या जबाबावर तर सही घ्यायचीच नसते, कायद्यात स्पष्ट आहे. घराची झडती असेल तर परिसरातले दोन पंच लागतात, घरमालकाला हजर राहू द्यावं लागतं, यादीची कॉपी द्यावी लागते, आणि बीएनएसएसच्या कलम १०५ प्रमाणं झडती-जप्तीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करून ते मॅजिस्ट्रेटकडं पाठवावं लागतं. यादीची कॉपी मागताना लाजू नका, पुढं तोच तुमचा सगळ्यात मोठा कागद. तक्रार एसपी किंवा कमिशनरकडं करायची असेल तर मराठीत करता येते, घटनेच्या कलम ३५० नुसार राज्यात किंवा केंद्रात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं. "कन्नडमध्ये आणा" म्हणून परत पाठवलं तर रजिस्टर पोस्टानं पाठवा.

दुसरी अडचण चुकीचं कोर्ट. एफआयआर खानापूर स्टेशनचा आणि माणूस बेळगावच्या कोर्टात वकील लावून बसलेला, असं होतंय. ज्या स्टेशनचा गुन्हा, त्या हद्दीच्या जेएमएफसी (प्रथमवर्ग मॅजिस्ट्रेट) कोर्टात अर्ज. वर गुन्हा नंबर आणि पीएफ नंबर हवा. पीएफ म्हणजे प्रॉपर्टी फॉर्म, जप्त माल ज्या नंबरानं कोर्टाकडं नोंदवला जातो तो. पीएफ नंबर नसला की अर्ज तसाच पडून राहतो, एपीपी, म्हणजे सरकारी वकील, म्हणतो स्टेशनचा रिपोर्ट येऊ दे, स्टेशन म्हणतं कोर्टाचं पत्र येऊ दे.

आता सगळ्यात जास्त अर्ज जिथं अडतात ते, आरसीवरचं नाव. आपल्याकडं निम्म्या सेकंडहँड गाड्या कोल्हापूर, गडहिंग्लज, चंदगडकडनं येतात, एमएच शून्य नऊची पाटी तशीच, शंभरच्या स्टॅम्पवर खरेदी लिहिलेली, नाव बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर जुन्या मालकाच्या सह्या घेऊन ते घरातल्या ट्रंकेत. कोर्टाच्या दृष्टीनं मालक अजून तो गडहिंग्लजचाच. घेणाऱ्यानं तीस दिवसांत ट्रान्सफरचा अर्ज करायचा असतो, दुसऱ्या राज्यातली असेल तर तिकडच्या आरटीओची एनओसी लागते, आणि दुसऱ्या राज्यातली गाडी इथं बारा महिन्यांवर ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो. हे केलं नसेल तर आता मार्ग एकच, जुन्या मालकाला गाठा. त्यानं स्वतः अर्ज करायचा किंवा गाडी घेणाऱ्याला द्यायला हरकत नाही असं ॲफिडेव्हिट कोर्टात द्यायचं. तो वारला असेल तर वारसांना आणावं लागतं, आणि वारसांत भांडण असेल तर देवच धावला पाहिजे. म्हणून सांगतो, गाडी घ्याल त्याच महिन्यात नावावर करा, जप्तीची वाट बघू नका.

कागद असे: आरसी, इन्शुरन्स, आधार, एफआयआरची कॉपी, गाडीचे चारही बाजूंचे फोटो, फायनान्स असेल तर बँकेची एनओसी. मोबाईलला बिल आणि आयएमईआय असलेला डबा. दागिन्यांचं बिल कुणाकडंच नसतं, आजीच्या पाटल्यांचं बिल कोण ठेवणार? अशा वेळी लग्नातले फोटो शोधा ज्यात तो दागिना अंगावर दिसतोय, सराफाकडं मोड किंवा डागडुजी केल्याची पावती असेल तर ती, आणि फिर्यादीत वजन, घडण, खूण जेवढी बारीक लिहिता येईल तेवढी पहिल्याच दिवशी लिहा. फिर्यादीत "सोन्याचे दागिने" एवढंच असेल तर नंतर ओळख पटवताना घाम फुटतो.

जामीनदार ही तिसरी मोठी अडचण. कोर्ट बाँड मागतं आणि बहुतेक वेळा एक जामीनदार, त्याचा शेताचा उतारा, म्हणजे पहाणी. सासुरवाडी चंदगडला असलेला माणूस तिकडचा, महाराष्ट्रातला सातबारा घेऊन येतो आणि तो चालत नाही म्हणतात. जामिनाच्या बाबतीत सुप्रीम कोर्टानं १९७८ च्या मोतीराम केसमध्ये सांगितलंय की जामीनदार दुसऱ्या जिल्ह्यातला आहे एवढ्यावरून नाकारू नका. गाडीच्या बाँडलाही हा मुद्दा वकिलाला मांडायला सांगा. रक्कम झेपत नसेल तर कमी करण्याचा अर्ज करता येतो, त्यासाठी गाडी सोडून देऊ नका.

मुदतीबद्दल गोंधळ फार. चौदा दिवस आणि तीस दिवस असं लोकांनी ऐकलेलं असतं आणि ते जप्तीच्या तारखेपासून मोजतात. कलम ४९७ मध्ये माल कोर्टापुढं आल्यापासून चौदा दिवसांत कोर्टानं वर्णन तयार करायचं, आणि वर्णन-फोटो झाल्यापासून तीस दिवसांत त्याचं काय करायचं ती ऑर्डर. माल कोर्टाला दाखवलाच नसेल तर हे घड्याळ सुरूच होत नाही, म्हणून तर अर्ज लागतो. आणि "सहा महिने गाडी मिळत नाही" असं जे सांगतात ते चूक, सहा महिन्यांत हक्क सांगा अशी जाहीर घोषणा कोर्ट काढतं ती मालक सापडत नसेल तेव्हाची.

अपघाताची गाडी वेगळी. मोटर व्हेइकल ॲक्टच्या कलम १३६ प्रमाणं तपासणी आणि सोपस्कार पुरे झाले की चोवीस तासांत परत द्यायची असते. पण कुणी जखमी किंवा मयत असेल आणि इन्शुरन्स संपलेला असेल तर तारण भरल्याशिवाय गाडी सुटत नाही. हजार-दीड हजार वाचवायला इन्शुरन्स थकवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

गोव्याहून चोर्ला घाटानं किंवा अनमोडकडनं दारू घेऊन येताना सापडलेल्या गाडीला वरचं सगळं तसंच लागू करू नका. कर्नाटक एक्साइज कायद्यात गाडी सरकारजमा करण्याची केस एक्साइज अधिकाऱ्यापुढं चालते, तिथली नोटीस आली की ताबडतोब हजर व्हा. नोटीस न घेता घरी बसलेल्याची गाडी लिलावात जाते. ओळखीच्यानं गाडी मागून नेली होती, मला माहीत नव्हतं, हे सांगायची जागा तीच आहे.

गाडीची चौकशी करायला गेलेल्यालाच बसवून ठेवलं, असंही कानावर येतं. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात आधी बीएनएसएसच्या कलम ३५(३) ची (हजर राहण्याची) नोटीस द्यावी, अटक हे नेहमीचं पाऊल नव्हे, हे २०१४ च्या अर्नेश कुमार निकालानं ठरलंय. अटक झालीच तर चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं न्यायचं, प्रवासाचा वेळ सोडून. अटकेची कारणं लेखी आणि त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत द्यायची, सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२५ मध्ये हे सगळ्या गुन्ह्यांना लागू केलं. आपल्याकडं ह्याला फार अर्थ आहे. कन्नड न समजणाऱ्यानं कारणं मराठीत मागावीत, आणि दिली नाहीत तर पहिल्याच तारखेला मॅजिस्ट्रेटला तोंडानं सांगावं.

वकील परवडत नसेल तर तालुका कोर्टातच विधी सेवा समिती असते. बायका, एससी-एसटी, कोठडीतली माणसं ह्यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, फोन १५१००.

ऑर्डर झाली की सर्टिफाइड कॉपी घेऊन स्टेशनला जा, नुसतं तोंडी सांगून कुणी गाडी देणार नाही. ताब्यात घेण्याआधी स्टेपनी, बॅटरी, टूलकिट, डिझेल बघा, कमी असेल ते पावतीवर लिहूनच सही करा. आणि केस संपेपर्यंत गाडी विकायची नाही, रंग बदलायचा नाही, कोर्टानं बोलावलं की आणून दाखवायची. विकली तर बाँडची रक्कम तुमच्याकडनं आणि त्या बिचाऱ्या जामीनदाराकडनं वसूल होते.