हवेत थांबणारं जेट: एक इंजिन बरं की तीन?

साताऱ्यात सैनिक स्कूल आहे म्हणून म्हणा, किंवा अपशिंग्यासारखं घरटी फौजी असलेलं गाव जवळ आहे म्हणून म्हणा, इथल्या पोरांना विमानांचं वेड भारी. 2025 च्या जून-जुलैत ब्रिटिश एफ-35बी तिरुवनंतपुरमला महिनाभर बिघडून पडलं होतं, तेव्हापासून सगळ्यांचा एकच प्रश्न, सरळ खाली उतरणारं विमान असताना सगळे देश तेच का घेत नाहीत? एकाने विचारलं, त्याला दोन-तीन इंजिनं लावली की झालं ना सेफ? हा प्रश्न लई चांगला आहे, कारण उत्तर नेमकं उलटं आहे.

साधं विमान इंजिन बंद पडलं तरी पंखांवर थोडा वेळ तरंगत जातं, पायलटला विचार करायला सवड मिळते. हवेत थांबलेल्या जेटला पंखांचा काही उपयोग नाही, सगळा भार खाली जाणाऱ्या झोतावर. सोव्हिएत याक-38 मध्ये कॉकपिटच्या मागे दोन छोटी उभी इंजिनं होती आणि शेपटीकडे मुख्य इंजिन. यातलं एक जरी बसलं की पालखीचा एक भोई अडखळावा तसा तोल जायचा, म्हणजे तीन इंजिनं असून आधार एकाचाही नाही, उलट बिघडायला तीन जागा! आणि हे इतक्या पटकन व्हायचं की पायलटला विमानाबाहेर फेकणाऱ्या सीटच्या हँडलपर्यंत हात पोचायच्या आत विमान उलटं, त्यात सीट सुटली तर पायलट थेट खाली आपटणार. म्हणून 60 अंशांच्या पुढे कललं की सीट पायलटला न विचारताच बाहेर उडायची. एफ-35बी मध्येही अशी आपोआप सुटणारी सीट आहे.

ब्रिटिशांच्या हॅरियरने एकच इंजिन ठेवलं, पेगासस, आणि त्याला फिरणारी चार तोंडं. धोका तिथेही होता. साधारण 30 ते 90 नॉट (ताशी सुमारे 55 ते 165 किमी) वेगात विमान ना धड उडत असतं ना धड थांबलेलं, अशात नाक वाऱ्यापासून जरा तिरकं झालं की एका पंखाला जास्त उचल मिळते आणि विमान गर्रकन कलंडतं. म्हणून हॅरियरच्या काचेसमोर बाहेर एक छोटंसं पातं असतं, वाऱ्याबरोबर फिरणारं, पायलटने उतरताना त्याच्यावर नजर ठेवायची. एवढ्या महागड्या लढाऊ विमानात जीव त्या पात्यावर! आपल्या नौदलाने 1983 ते 2016 सी हॅरियर वापरली, त्यातली निम्म्याहून जास्त अपघातांत गेली. सगळी काही उतरतानाच गेली असं नाही, पण हे विमान पायलटकडून फार मागायचं हे खरं.

वर आणि उष्णता. सांगलीतल्या एप्रिलसारखी 40 अंशांची हवा 15 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे 8 टक्के विरळ असते, त्यामुळे इंजिनाचा जोर कमी पडतो. हॅरियरमध्ये यासाठी इंजिनात पाणी फवारायचे, पण ते जेमतेम दीड मिनिट पुरायचं.

एफ-35बी मध्ये मुख्य इंजिनावरच शाफ्ट जोडून पायलटच्या मागचा मोठा पंखा फिरवतात. डोकं भारी लावलंय, पंख्याची हवा थंड असल्यामुळे मागचा गरम झोत पुढे येऊन इंजिनात शिरत नाही. पण उडताना आणि उतरताना काही मिनिटं लागणारा तो पंखा बाकी सगळा वेळ नुसतं वजन, आणि त्याच्या जागेपायी इंधन सुमारे 6 टन, तर साध्या धावपट्टीवरच्या एफ-35ए मध्ये 8 टनांच्या वर. शस्त्रांचा कप्पाही लहान.

मला तरी आपल्या नौदलाची वाट पटते. 1991 मध्ये असंच सरळ उतरणारं सोव्हिएत याक-141 ज्या अॅडमिरल गोर्शकोव्हच्या डेकवर उतरताना आदळून पेटलं, तीच बोट आज आयएनएस विक्रमादित्य आहे, आणि तिच्यावर मिग-29के पुढच्या चढावरून उडतात आणि तारेला हुक अडकवून उतरतात. ब्रिटिशांनीही 2018 पासून क्वीन एलिझाबेथ या विमानवाहू बोटीवर एफ-35बी पुढे सरकत उतरवून पाहिलंय, म्हणजे थोडा भार पंख उचलतात आणि न वापरलेली शस्त्रं समुद्रात टाकावी लागत नाहीत.