एक्झिटचा दरवाजा आधीपासूनच होता

कन्सल्टिंगच्या, म्हणजे कंपन्यांना सल्ला देण्याच्या, नोकरीत मुलं अजून रुजूही झालेली नाहीत, आणि चर्चा कसली, तर दोन वर्षांनी कुठे बाहेर पडता येईल याची. बँकेत किंवा एलआयसीत लागलेला माणूस ज्या घरांत तिथूनच निवृत्त झाला, तिथल्या आईवडिलांना हे अजब वाटतं. बी-स्कूलच्या (एमबीएच्या कॉलेजच्या) हॉस्टेलवर मात्र मॅकिन्झी, बीसीजी, बेन या बड्या सल्लागार फर्मच्या शॉर्टलिस्टबरोबरच ‘एक्झिट’चीही खलबतं चालतात. हल्लीच्या पोरांना दम नाही, असं यावर म्हटलं जातं. पण पोरांनी काही नवीन शोधलेलं नाही. बाहेर पडणं हे या धंद्याच्या बांधणीतच आहे, आणि ती बांधणी सत्तर वर्षांची जुनी आहे.

सुरुवातीला तसं नव्हतं. शिकागो विद्यापीठात अकाउंटिंग शिकवणारे जेम्स मॅकिन्झी यांनी १९२६ मध्ये फर्म काढली, तेव्हा उद्योगात मुरलेल्या माणसांनी सल्ला द्यावा अशीच रीत होती. १९३३ मध्ये मार्विन बॉवर तिथे आले. ते मुळात वकील. सल्लागाराचं ऑफिस हे चांगल्या वकिली फर्मसारखं चालावं, हा त्यांचा ध्यास. कपड्यांपासून पत्राच्या भाषेपर्यंत त्यांची शिस्त असे; माणसांनी हॅट घालायची आणि मोजे लांबच हवेत, इथपर्यंत.

न्यूयॉर्कमधल्या क्रॅव्हाथ या वकिली फर्मची एक पद्धत तेव्हा प्रसिद्ध होती. उत्तम कॉलेजांतून कोरी मुलं उचलायची, घडवायची, ठरावीक वर्षांत पार्टनर, म्हणजे फर्मचा भागीदार, करायचं, नाहीतर निरोप द्यायचा. १९५०च्या दशकात बॉवर यांच्या मॅकिन्झीने हाच मार्ग धरला. अनुभवी अधिकाऱ्यांऐवजी हार्वर्डचे ताजे एमबीए घ्यायला सुरुवात झाली, आणि त्याच्याच जोडीला आलं ‘अप ऑर आउट’: वर चढा, नाहीतर बाहेर पडा.

यामागे साधं गणित आहे. एका पार्टनरच्या हाताखाली चार-सहा तरुण काम करतात; क्लायंटला बिल लागतं सगळ्यांचं. ते सगळेच पुढे पार्टनर झाले तर प्रत्येकाला पुन्हा चार-सहा तरुण हवेत, आणि तितकं काम आणायचं कुठून? म्हणजे बहुतेकांनी जायलाच हवं. बॉवर यांनी हा नियम वरच्या टोकालाही लावला. १९६३ मध्ये, वयाची साठी आल्यावर, त्यांनी आपले शेअर बाजारभावाने नव्हे तर पुस्तकी, म्हणजे हिशेबवहीत नोंदलेल्या, किमतीला फर्मला परत विकले. आपल्याकडच्या किती संस्थापकांना हे जमेल, देव जाणे.

जाणाऱ्याला नापास म्हणून हाकलायचं नाही, चांगल्या जागी बसवायचं, हे शहाणपण यातूनच आलं. गेलेला माणूस उद्याचा क्लायंट असतो. मॅकिन्झीतून अमेरिकन एक्सप्रेसमध्ये गेलेले लू गर्स्टनर १९९३ मध्ये आयबीएमचे प्रमुख झाले. जेफ्री स्किलिंग १९९० मध्ये आपल्याच क्लायंटकडे गेले. तो क्लायंट म्हणजे एन्रॉन ही अमेरिकी ऊर्जा कंपनी. मराठी वाचकाला इथे दाभोळचा वीजप्रकल्प आठवणारच, पण तो प्रकल्प एन्रॉनच्या वेगळ्या शाखेचा होता. स्किलिंग पुढे तुरुंगात गेले ते अमेरिकेतल्या घोटाळ्यापायी.

प्रायव्हेट इक्विटीची (पीई), म्हणजे कंपन्यांत पैसा घालून त्यांची मालकी घेणाऱ्या फंडांची, वाट बेनमुळे रुंद झाली. बीसीजीतून फुटून बिल बेन यांनी १९७३ मध्ये स्वतःची फर्म काढली, आणि १९८४ मध्ये त्याच फर्मच्या मिट रॉम्नी वगैरे मंडळींनी बेन कॅपिटल उभी केली. दुसऱ्याच्या कंपनीला सल्ला देण्यापेक्षा कंपनीत पैसा घालून तीच सुधारली तर नफा आपला, असा हिशोब. आज केस प्रेप, म्हणजे कन्सल्टिंगच्या मुलाखतीची तयारी, करणाऱ्या मुलाच्या डोक्यात ‘दोन वर्षं कन्सल्टिंग, मग पीई’ हे जे असतं, त्याचं मूळ बरंचसं इथे आहे.

मुंबईत सल्लागारी या परदेशी फर्म येण्याआधीही होती. ए. एफ. फर्ग्युसन ही हिशेबतपासनिसांची जुनी फर्म व्यवस्थापनाचाही सल्ला देई. पुढे सौंदर्यप्रसाधनं विकणारी ‘नायका’ काढणाऱ्या फाल्गुनी नायर यांची पहिली नोकरी तिथलीच. उदारीकरणानंतर १९९३ मध्ये मॅकिन्झीने आणि मग १९९६ मध्ये बीसीजीने मुंबईत ऑफिस थाटलं. दिल्लीत बेनमध्ये काम करणारे दीपिंदर गोयल सहकाऱ्यांना जेवणाची मेन्यूकार्डं धुंडाळताना बघत. ती स्कॅन करून त्यांनी ऑनलाइन टाकली. २००८ च्या त्या उद्योगाचंच पुढे ‘झोमॅटो’ झालं.

ही नावं प्लेसमेंटच्या गप्पांत फार चालतात आणि फसवतातही. सुंदर पिचाई मॅकिन्झीतून २००४ मध्ये गूगलमध्ये गेले ते प्रॉडक्ट मॅनेजर म्हणून. प्रमुखपदाची मोठी खुर्ची ही नंतरच्या अकरा वर्षांची कमाई. बहुतेकांची एक्झिट असते एखाद्या कंपनीची स्ट्रॅटेजी टीम किंवा स्टार्टअपमधलं ‘फाउंडर्स ऑफिस’, म्हणजे संस्थापकाच्या हाताखालची टीम. शिवाय दोन वर्षांनी निघालेल्याकडे प्रश्न सोडवायची पद्धत असते, पण एकाही धंद्याची खोल ओळख नसते. पाच-सहा वर्षं थांबलेल्याकडे ती असते, मात्र त्याचा पगार एव्हाना इतका चढलेला असतो की बाहेरची खुर्ची बहुतेक वेळा कमी पैशांचीच मिळते.