कापडाचे वनस्पतिज रंग : मुंबई परिसर

झाडांची फुले, फळे, साली, मुळे व पाने यांपासून काढून सुती, रेशमी किंवा लोकरी कापडास दिल्या जाणाऱ्या रंगांना वनस्पतिज रंग म्हणतात. मुंबईभोवतीच्या डोंगरपट्ट्यात पळस, ऐन व खैर, किनाऱ्यालगत बारतोंडी आणि सह्याद्रीच्या माथ्यावर हिरडा, अशी रंग देणारी देशी झाडे आढळतात.

रंग झाडात असला तरी तो धाग्यावर टिकतो तो बहुधा रंगबंधकामुळे, म्हणजे तुरटीसारख्या रंग धाग्याला धरून ठेवणाऱ्या पदार्थामुळे, आणि या कलेचे खरे कसब तिथेच आहे. सुती कापड सोडा घातलेल्या पाण्यात उकळून त्यातील खळ व मेण काढतात. मग किलोभर कापडाला सुमारे 200 ग्रॅम हिरड्याची पूड या हिशेबाने केलेल्या पाण्यात ते रात्रभर भिजवून, न खळबळता वाळवतात. त्या वेळी कापड फिकट पिवळसर दिसते. तुरटीच्या पाण्यातून काढल्यावर पळसाच्या सुक्या फुलांच्या काढ्यात त्याला उजळ पिवळा रंग येतो. तुरटीऐवजी हिराकस (लोहाचा क्षार) वापरल्यास त्याच काढ्यातून मळकट हिरवा रंग निघतो. गंजके लोखंड व गूळ पाण्यात दोन-तीन आठवडे आंबवून केलेले पाणी हिरड्याच्या कापडावर पडताच ते जागीच काळपट होते, कारण हिरड्यातील टॅनिन हे तुरट द्रव्य व लोह यांचा संयोग होतो.

मंजिष्ठ व बारतोंडी यांच्या मुळांपासून तांबडा रंग मिळतो. मंजिष्ठाचा काढा उकळू दिल्यास रंग तपकिरीकडे झुकतो, म्हणून आच मंद ठेवतात. तांबडा खुलण्यास पाण्यात थोडा चुना लागतो. मुंबईच्या नळाला येणारे तलावांचे पाणी मृदू असल्याने तो वरून घालणे उपयुक्त ठरते. निळीची रीत वेगळी आहे. तिला रंगबंधक लागत नाही. आंबवलेल्या पिंपातून हिरवट पिवळे निघालेले कापड हवा लागताच डोळ्यांदेखत निळे होते. महाराष्ट्रात हे काम परंपरेने करणाऱ्यांना निराळी म्हणत.

मुंबईतील पहिली कापडगिरणी 1854 मध्ये ताडदेवला स्थापन झाली आणि 1856 मध्ये सुरू झाली; त्याच वर्षी लंडनमध्ये विल्यम पर्किन यांना पहिला व्यापारी कृत्रिम रंग गवसला. पुढे मंजिष्ठवर्गीय मुळांतील ॲलिझरीन हे तांबडे रंगद्रव्य प्रयोगशाळेत तयार झाले आणि 1897 मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली. अशा रंगांपुढे मुळे उकळणाऱ्या रंगाऱ्याचा निभाव लागणे अवघड होते. 1933 मध्ये सुरू झालेल्या व पुढे माटुंग्यास हललेल्या मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात वस्त्ररसायन हा आरंभीचाच विषय होता.

‘नैसर्गिक’ आणि ‘देशी’ हे शब्द सरसकट एकच मानणे चुकीचे आहे. दादरच्या फुलबाजारात ढिगाने मिळणारा झेंडू उत्तम पिवळा देतो, पण तो मूळचा मेक्सिकोचा. झाड देशी असले तरी ते ओरबाडण्याची मुभा मिळत नाही: खोडाची साल सभोवार काढली तर झाड वाळते, आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय काहीही तोडून आणणे कायद्याने निषिद्ध आहे. त्या दृष्टीने पारिजातक सर्वांत सोयीचा. पहाटे अंगणात पडलेली फुले वेचून त्यांचे केशरी देठ वेगळे करून वाळवतात व कोमट पाण्यात भिजवून त्यांचा रंग रेशमास देतात. हा रंग उन्हात लवकर विटतो, म्हणून ते वस्त्र सावलीतच वाळत घालतात.