एका एकराचं पाणी

पाऊस झोडपून गेला की पुण्यात दोन तक्रारी ठरलेल्या: नालेसफाई झाली नाही आणि चेंबर तुंबलं. दोन्ही बहुतेक वेळा खऱ्या असतात. पण त्या चेंबरकडे एवढं पाणी आलंच कुठून, हे कुणी फारसं विचारत नाही.

बाणेर, आंबेगाव किंवा कोंढव्याच्या उतारावरचा एक एकर मोकळा माळ घ्या. त्यावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला तर साधारण दोन लाख लिटर पाणी पडतं, म्हणजे दहा हजार लिटरचे वीस टँकर. गवत, मुरूम, खाचखळगे यांत त्यातलं बरंचसं मुरतं, अडतं. ओढ्याला पाचेक टँकर मिळतात. (जमीन आधीच चिंब भिजलेली असेल तर जास्त.) आता त्याच एकरावर इमारती, पोडियम आणि पेव्हर ब्लॉक आले. पाऊस तोच, पण अठरा टँकर बाहेर पडतात. पडलेल्या पाण्यापैकी किती वाहून जाईल या प्रमाणाला अभियंते अपवाह गुणांक म्हणतात: माळाला साधारण ०.२५, छताला आणि काँक्रीटला ०.९.

पाणी वाढलं हे निम्मंच दुखणं. माळावरचं पाणी रेंगाळत जायचं; गच्चीवरचं पाईपातून काही मिनिटांत पावसाळी लाईनला लागतं. उतारावरच्या सगळ्या सोसायट्यांचं पाणी एकदम ओढ्यात उतरतं आणि खालच्या वस्तीला सावरायला वेळच मिळत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगरांकडून आलेल्या आंबिल ओढ्याने हेच दाखवलं. त्या पुरात शहर आणि परिसरात वीसहून अधिक माणसं गेली. तिथे पाऊसही भयंकर होता आणि ओढ्याचं पात्रही आवळलेलं होतं, त्यामुळे सगळा दोष काँक्रीटवर टाकता येणार नाही. पण अशा पावसात काठावरच्या घरांना सावरायला मिळणारा वेळ काँक्रीट खातं, हे नक्की.

यावर ‘शोषखड्डा करा’, म्हणजे पाणी जमिनीत मुरवणारा खड्डा घ्या, हे ठरलेलं उत्तर. पुण्यात ते जपून द्यावं. कुठल्याही नव्या बांधकामाचा बेसमेंटचा खड्डा पाहा: वर हातभर माती, खाली पिवळसर-तांबूस मुरूम, त्याखाली ब्रेकरलाही दाद न देणारा काळा पाषाण. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा बेसाल्ट अखंड असेल तिथे पाणी पीत नाही. मुरतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. बेसमेंटसाठी आपण नेमका तोच मुरूम उपसून ट्रकने पाठवतो. त्यामुळे खड्डा कुठे घ्यायचा हे भूजलतज्ज्ञाला विचारून ठरवावं, पार्किंगच्या उरलेल्या कोपऱ्यावरून नव्हे.

राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीनुसार ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडावरच्या नव्या बांधकामाला पर्जन्यजल संधारण सक्तीचं आहे. चांगलंच आहे. मात्र वापरासाठी साठवण्याची टाकी भरलेली हवी आणि पूर अडवण्याची टाकी रिकामी हवी. जुलैतच काठोकाठ भरलेली टाकी सप्टेंबरच्या ढगफुटीसारख्या पावसात काय कामाची? एकाच टाकीकडून दोन्ही कामं करून घ्यायची तर तिचा वरचा भाग रिकामा राखून ठेवावा लागतो.

पूर अडवणारी टाकी म्हणजे फार गुंतागुंतीची गोष्ट नाही. आपल्या एका एकरासाठी १० मीटर लांब, १० मीटर रुंद आणि दीड मीटर खोल टाकी पुरते. तिच्या तळाशी साडेसात सेंटिमीटर, म्हणजे तीन इंची भोक. टाकी भरली तरी त्यातून सेकंदाला सुमारे १४ लिटरच पाणी सुटतं. तासाला ५० मिलिमीटरच्या त्या पावसात मोकळा माळही साधारण तेवढंच सोडायचा. आत मात्र सेकंदाला ५० लिटर येत असतं. मधला फरक टाकी पोटात घेते आणि पाऊस थांबल्यावर सहाएक तासांत रिकामी होते. पंप नाही, वीज नाही. भोक मोठं केलं की सगळा खटाटोप वाया, म्हणून ‘पाणी लवकर जात नाही’ अशी तक्रार घेऊन कुणी प्लंबर बोलावला तर त्याला आधी हा हिशोब दाखवावा.

पाणी झिरपू देणारे पेव्हर, खोलगट बागा, गच्चीवरची माती यांनीही भार हलका होतो. मोठ्या पावसात त्या एकट्या पुरत नाहीत. आणि डोंगरउतारावर तर पहिला उपाय न बांधण्याचाच. १:५ पेक्षा (पाच मीटर अंतरात एक मीटर चढ) तीव्र उतारावर बांधकामाला नियमानेच मनाई आहे.

टाकीची खरी परीक्षा बिल्डर निघून गेल्यावर होते. तीन इंची भोकासमोरच्या जाळीत दुधाची एक पिशवी अडकली तरी टाकी भरलेलीच राहते आणि पुढच्या सरीचं पाणी थेट वरून ओसंडतं. ताबा घेताना सोसायटीने लिफ्ट आणि जनरेटरच्या कागदांबरोबर या टाकीचा नकाशाही मागून घ्यावा, मे महिन्यात झाकण उघडून गाळ काढावा आणि पावसाळाभर दर मोठ्या पावसानंतर जाळी पाहायचं काम कुणाकडे, ते नावानिशी ठरवावं.