‘खालचा जबडा : मार्का डिक्स’

रात्रीच्या वेळी एका कॅफेत तीन माजी सैनिक पत्ते खेळत बसले आहेत. टेबलाखाली पाहिलं तर लाकडी पाय कुठला आणि खुर्चीचा पाय कुठला, हे पटकन कळत नाही. डावीकडच्याने पत्ते पायाच्या बोटांत धरलेत आणि त्याच्या कानातून निघालेली ऐकण्याची नळी टेबलावर पसरली आहे. मधल्याने दातांत पत्ता धरलाय. उजवीकडच्याला पाय नाहीत आणि नाकाच्या जागी नुसती पट्टी आहे, पण कोटावर आयर्न क्रॉस हे जर्मन लष्करी पदक मात्र शाबूत आहे. ऑटो डिक्स या जर्मन चित्रकाराचं हे 1920 सालचं चित्र, ‘स्काट खेळणारे’. टेबलावरचे पत्ते रंगवलेले नाहीत, खरे पत्तेच कॅनव्हासवर चिकटवलेत. वर्तमानपत्रांचे तुकडेही खरे.

स्काट हा आपल्या तीन-दोन-पाचसारखाच तिघांचा आणि दहा-दहा पत्त्यांचा खेळ. त्यासाठी हात लागतात, आणि या तिघांकडे मिळून पुरेसे धड हात नाहीत. चित्रातला पहिला क्रूर विनोद तो. दुसरा पाहायचा तर अगदी जवळ जावं लागतं. उजवीकडच्या माणसाच्या धातूच्या जबड्यावर डिक्सने स्वतःचा छोटा फोटो लावलाय आणि जाहिरातीच्या थाटात लिहिलंय : खालचा जबडा, कृत्रिम, मार्का डिक्स, शोधकाचं चित्र असेल तरच अस्सल.

हे चित्र अतिशयोक्त आहे, पण त्यातल्या जखमा मनगढंत नाहीत. डिक्स स्वतः स्वेच्छेने सैन्यात गेला, मशीनगन चालवली, 1916 मध्ये फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत होता. पहिल्या महायुद्धातल्या बहुसंख्य जखमा तोफगोळ्यांच्या होत्या. गोळ्याचे तुकडे वाकडेतिकडे आणि तापलेले असत, ते शरीरात शिरताना कपड्यांच्या चिंध्या आणि माती सोबत नेत. फ्रान्स-बेल्जियमची ती शेतं पिढ्यान्‌पिढ्या शेणखत घातलेली. त्या मातीतल्या जिवाणूंना प्राणवायू नसलेली, मेलेल्या स्नायूंची जागा मिळाली की वायुकोथ व्हायचा, म्हणजे आत वायू धरून मांस झपाट्याने सडायचं. प्रतिजैविकं नव्हती, पेनिसिलिनचा शोधच मुळी 1928 चा. त्यामुळे जीव वाचवायचा तर अनेकदा हातपाय कापण्यावाचून इलाज नसे. चेहऱ्याचं गणित वेगळं. खंदकात धड झाकलेलं राही, वर निघे ते डोकं. 1916 पासून जर्मन सैनिकांना पोलादी शिरस्त्राण मिळालं, त्याने कवटी वाचली, पण नाक आणि जबडा उघडेच राहिले. त्यात भूल, निर्जंतुक शस्त्रक्रिया आणि जखमींना झटपट मागे नेण्याची सोय. आधीच्या युद्धांत जे जागीच मेले असते, ते आता घरी परतू लागले.

त्यांना पुन्हा कामावर उभं करणं हा मग अभियांत्रिकीचा प्रश्न झाला. फर्डिनांड झावरब्रुख या सर्जनने उरलेल्या दंडाच्या स्नायूतून आरपार बोगदा काढून त्याला आतून त्वचेचं अस्तर दिलं आणि त्यात हस्तिदंती खुंटी बसवली. स्नायू आवळला की खुंटी ओढली जाई आणि तिला जोडलेल्या कृत्रिम हाताची बोटं मिटत. कल्पना अफलातून होती, पण सगळ्यांना झेपणारी नव्हती. गेओर्ग श्लेझिंगर हे बर्लिनमधले यंत्रअवजारांचे प्राध्यापक. कृत्रिम अवयव तपासणाऱ्या तिथल्या केंद्राचं काम त्यांनी पाहिलं. माणूस वस्तू किती प्रकारे पकडतो याची त्यांनी वर्गवारी केली : चिमटीत, मुठीत, चेंडू धरावा तशी, पिशवी अडकवावी तशी, किल्ली धरावी तशी. रोबोटचा हात बनवणारे आजही या वर्गवारीचा दाखला देतात.

माझ्या मते डिक्सचा राग या तंत्रज्ञांवर नाही, त्यामागच्या हिशेबावर आहे. अनेक कृत्रिम हात मुळात हात नव्हतेच, ती खांद्याला बांधायची अवजारं होती. हातोड्यासाठी एक टोक, कानशीसाठी दुसरं. पेन्शनही कमाईची किती टक्के क्षमता गेली यावर ठरे. त्याच वर्षी डिक्सने रस्त्यावरून चालत जाणाऱ्या अपंग सैनिकांचं आणखी एक चित्र काढलं, त्याचं उपशीर्षकच ‘45 टक्के कमावण्यायोग्य’ असं होतं. जबड्यावरची ती जाहिरात याच हिशेबाची टर उडवते.

नाकाच्या पट्टीवरून एक पुण्याचा धागा निघतो. इंग्रज फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा शेतकरी टिपूच्या कैदेत सापडला. तिथे त्याचं नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभराने पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक बसवून दिलं. आधी मेणाचा पातळ साचा नाकाच्या जागेवर बेतला, तो सपाट करून कपाळावर ठेवला, त्याभोवती रेघ ओढली आणि तेवढी कातडी सोडवून खाली वळवली. दोन डोळ्यांमधली एक चिंचोळी पट्टी मात्र कापली नाही. सगळी मेख त्या पट्टीत आहे, कारण नवीन जागी रुजेपर्यंत कातडीला रक्त तिच्यातूनच मिळतं. 1794 मध्ये लंडनच्या एका मासिकात ही हकीकत सचित्र छापून आली. पुढे 1814 मध्ये लंडनला जोसेफ कार्प्यूने ती पद्धत वापरली आणि नंतर ती बर्लिनपर्यंत पोचली. महायुद्धातले सर्जन कपाळाची कातडी वापरत होते ते या परंपरेतून. नाक असं परत मिळू शकत होतं. कावसजीचा हात मात्र गेला तो गेलाच, आणि सव्वाशे वर्षांनी डिक्सच्या जर्मनीतही हाताच्या बाबतीत फार पुढे जाता आलेलं नव्हतं. आजही कृत्रिम हात मिळालेले बरेच जण काही काळाने तो वापरणं सोडून देतात. वजन होतं, घाम येतो आणि मुख्य म्हणजे काय धरलंय ते जाणवत नाही.

नाझी सत्तेवर आल्यावर 1933 मध्ये डिक्सची ड्रेस्डेनच्या अकादमीतली प्राध्यापकी गेली. श्लेझिंगर ज्यू होते, त्यांचंही पद त्याच वर्षी गेलं, तुरुंगात जावं लागलं आणि पुढे देश सोडावा लागला. ‘45 टक्के’वालं चित्र नाझींनी 1937 च्या ‘अधःपतित कला’ प्रदर्शनात टिंगलीसाठी टांगलं. त्यानंतर ते नष्ट झालं असं मानतात. ‘स्काट खेळणारे’ 1995 पासून बर्लिनच्या राष्ट्रीय कलादालनाच्या संग्रहात आहे.